चित्रात काहीच नाही, मग बघायचं काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६७ कोटी रुपयांवर गेलं. गायतोंडे जन्मले नागपुरात, १९२४ साली, पण आईवडील मूळचे गोव्याचे. त्यामुळे बातमी आमच्याकडे जरा जास्तच फिरली. पहिला दिवस अभिमानात गेला. दुसऱ्या दिवशी लोकांनी मोबाईलवर चित्र मोठं करून पाहिलं आणि प्रश्न सुरू झाले. यात माणूस कुठे आहे? झाड? देव? रंगाचा एक विस्तार, त्यात तरंगल्यासारख्या काही खुणा, बस्स. एवढ्याचे एवढे?

हाच प्रश्न लहान प्रमाणात आमच्या शेजारच्या घरातही चालू आहे. तिथली मुलगी पणजीत आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या कामाचा विषय खाजनं (बांध घालून राखलेली खाडीकाठची जमीन), खाडी आणि पाऊस, पण बघण्याची रीत जपानी चित्रकारांकडून घेतलेली. तिच्या एका उभ्या चित्रात तळाशी चिखलातून वर आलेली खारफुटीची मुळं आहेत, वरच्या बाजूला एक फिकट पट्टा आहे आणि मधला सगळा कागद तसाच सोडलेला. तिच्या आजीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "गो बाय, हें अर्देंच कित्याक दवरलें?" म्हणजे, अगं, हे अर्धंच का ठेवलंस? नातीने 'निगेटिव्ह स्पेस', 'मिनिमल' वगैरे सांगून पाहिलं. आजी गप्प बसली, पण पटलं म्हणून नव्हे. म्हणून हा विषय जरा मुळापासून मांडतो.

राहिलेली जागा आणि ठेवलेली जागा

जपानी चित्रकलेत कोऱ्या सोडलेल्या भागाला 'योहाकु' म्हणतात. दोन गोष्टींमधल्या अंतराला, मग ते चित्रातलं असो, घरातलं असो की वादनातलं, 'मा' म्हणतात. परके शब्द एवढेच लागतील. पुढे मी सरळ 'मोकळी जागा' म्हणेन.

ही जागा समजायला आपल्याकडे तबला आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, आणि नवव्या मात्रेवर टाळी न देता हात नुसता बाजूला उघडायचा. ही खाली. तिथून पुढे काही मात्रा डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि ठेका हलका होतो. गावच्या भजनात साथीला बसणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं, की खाली गेली म्हणजे आता समेची तयारी. वाजवणारा दमला म्हणून खाली आलेली नसते. तिच्या मात्रा टाळीच्या मात्रांइतक्याच काटेकोर मोजलेल्या असतात, आणि ती चुकली तर समेवर येणारा गायक उघडा पडतो. चांगल्या चित्रातली मोकळी जागा अशीच मोजून ठेवलेली असते. काय काढावं ते सुचलं नाही म्हणून जी उरते, ती राहिलेली जागा. लांबून दोन्ही सारख्याच कोऱ्या दिसतात, त्यामुळेच घोटाळा होतो.

ठेवलेल्या जागेचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना हासेगावा तोहाकु (१५३९–१६१०) या चित्रकाराचा आहे. प्रत्येकी सहा घड्यांचे दोन पडदे, दोन्ही मिळून रुंदी सुमारे सात मीटर, आणि त्यांवर धुक्यातली पाइनची झाडं. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते आहेत आणि जपानने त्यांना राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केलं आहे. सगळं काम कागदावर काळ्या शाईचं. जवळची झाडं काळीभोर. पण त्यांचा मोठा केलेला फोटो बघा, तिथे पानं सापडतच नाहीत, सापडतात ते घाईघाईने मारल्यासारखे खरबरीत फटकारे. मागची झाडं पाणी घालून इतकी फिकी केलेली, की आधी नजरेतून सुटतात. वर एका बाजूला बर्फाच्या डोंगराची जेमतेम ओळख. बाकी बहुतेक कागदच. आणि तरी चित्रासमोर उभा राहिलेला कुणीही आधी धुक्याबद्दल बोलतो, झाडांबद्दल नंतर.

धुकं काढलं नाही, तर दिसतं कसं?

इथे डोळ्यांची नव्हे, मेंदूची करामत आहे. इटालियन मानसशास्त्रज्ञ गाएतानो कानिझा यांनी १९५५ साली एक साधी आकृती मांडली. तीन काळी वर्तुळं घ्यायची, प्रत्येकातून पाचरीसारखा एक तुकडा कापायचा आणि कापलेली तोंडं एकमेकांकडे वळवून ठेवायची. बघणाऱ्याला मध्ये एक पांढरा त्रिकोण दिसतो. त्रिकोणाच्या बाजू कुणी काढलेल्या नसतात. इतकंच नव्हे, तो भोवतीच्या पांढऱ्यापेक्षा उजळ वाटतो. मेंदूचा हिशेब असा, की वर्तुळं सहसा अशी कापलेली नसतात, म्हणजे त्यांच्यावर काहीतरी ठेवलेलं असणार.

तोहाकुचं झाड बुंध्याकडे विरत जातं तेव्हा आपण हाच हिशेब करतो. झाड मध्येच संपत नाही, म्हणजे समोर काहीतरी आलं आहे. ते 'काहीतरी' आपण स्वतः कागदावर भरतो. म्हणून अशा चित्रकाराची खरी मेहनत कोऱ्या भागात नसतेच, ती त्याच्या कडांवर असते. कड जिथे सफाईने तुटली, तिथे कागद कागदच राहतो. जिथे ती विरत गेली, तिथे कागदाचं धुकं, पाणी किंवा आभाळ होतं.

शेजारणीच्या त्या चित्रात हे जवळून पाहता येतं. खारफुटीची श्वसनमुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर येतात. तिने त्यांची टोकं कोरड्या कुंचल्याने टोकदार ठेवली आहेत आणि बुडाशी शाई ओली असतानाच नुसत्या पाण्याचा कुंचला टेकवला आहे. त्यामुळे प्रत्येक मूळ खाली पसरून नाहीसं होतं. वरचा फिकट पट्टा म्हणजे पलीकडचा काठ. या दोहोंमध्ये तिने काहीच केलेलं नाही, पण भरतीचं पाणी तिथे चढलेलं स्पष्ट दिसतं. आजीला हे बोट ठेवून दाखवलं असतं तर तिचा प्रश्न निम्मा तरी सुटला असता, असं मला वाटतं. आजीचा जन्म खाडीच्या काठावर गेला आहे.

शाई आणि जुलै महिना

मोकळ्या जागेला एवढा मान मिळण्यामागे एक अगदी व्यवहारातलं कारण आहे. जपानी शाई म्हणजे काजळी आणि सरस यांची घट्ट वडी. ती दगडी दौतीवर पाण्याबरोबर घासून शाई तयार करतात. या कामात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत, पांढरं म्हणजे कागद. तैलरंगात काम करणाऱ्याला चुकलेल्या जागी दुसऱ्या दिवशी पांढरा थर चढवता येतो. इथे एकदा काळं झालेलं परत पांढरं होत नाही. म्हणजे कुठली जागा मोकळी राहणार हे पहिला फटकारा मारायच्या आधी ठरवावं लागतं. आपल्याकडच्या शाळेत चित्र काढून झाल्यावर 'आता बॅकग्राउंड भर' म्हणतात. इथे गणित अगदी उलटं आहे, बॅकग्राउंड आधी.

कागदाचंही शास्त्र आहे. नुसता हातकागद शाई टिपकागदासारखी पिऊन टाकतो. शाई हवी तिथे थांबावी म्हणून जपानी कारागीर कागदाला तुरटी आणि सरसाचा पातळ हात देतात. गोव्यात या सगळ्यात तिसरा भिडू येतो, तो म्हणजे दमट हवा. जुलैत दिलेला हात तासन्‌तास वाळत नाही, कडा नको तेवढ्या धावतात, आणि जिथे कपाटातल्या पट्ट्यावर बुरशी चढते तिथे कागदाला डाग पडायला कितीसा वेळ लागतो. केस वाळवायच्या यंत्राने वाळवला की कड कडक येते. मे महिन्यात उलट, कुंचला उचलेपर्यंत कागद सुकलेला. शेजारीण आता हवा बघून विषय ठरवते. पावसात खाडी, उन्हाळ्यात जांभ्याच्या भिंती. मला ही तिच्या अभ्यासातली सगळ्यात जपानी गोष्ट वाटते, जरी ती कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेली नसली तरी.

'आपलं सोडून जपान कशाला?'

हा आक्षेप गोव्यात येणारच, आणि तो बिनबुडाचा नाही. पण त्याला तीन उत्तरं आहेत.

पहिलं, ही रीत एकट्या जपानची नाही. झेन या बौद्ध पंथाच्या भिक्षूंबरोबर ती चीनमधून जपानात आली. तोहाकुने तेराव्या शतकातल्या मूछी या चिनी भिक्षू-चित्रकाराची क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरातली चित्रं अभ्यासली होती. आणि जपानी चित्रकारांनीही बाहेरून बिनदिक्कत घेतलं. होकुसाईच्या १८३१च्या सुमाराच्या त्या लाटेच्या जगप्रसिद्ध छापचित्रातला गडद निळा म्हणजे प्रशियन ब्लू, बर्लिनमध्ये शोध लागलेला रासायनिक रंग.

दुसरं उत्तर आपल्या जास्त जवळचं. जपानी कलाविचारक ओकाकुरा काकुझो १९०२ साली कोलकात्यात ठाकूर घराण्याच्या संपर्कात होते. पुढच्याच वर्षी योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे चित्रकार तिथे आले. ताइकान कागद कसा भिजवतात, रंग कसा विरवतात हे अवनींद्रनाथ ठाकूरांनी पाहिलं आणि त्यातून स्वतःची वॉश पद्धत बसवली. रंग द्यायचा, कागद पाण्यात बुडवायचा, पुन्हा रंग द्यायचा, असे थरावर थर. आता गोव्याचा धागा. सांत इस्तेव्ह बेटावर १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका मुंबईचं जे. जे. सोडून शांतिनिकेतनला गेले, अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले आणि त्याच पद्धतीने त्यांनी साडी नेसलेली मारिया, म्हणजे येशूची आई, रंगवली. गोव्यातल्या काहींना ती पचली नाही. फोन्सेका पुण्यात राहिले आणि १९६७ साली तिथेच वारले. म्हणजे जपानी धुक्याचा एक पदर कोलकातामार्गे गोमंतकीय चित्रकाराच्या हातात येऊन शंभरेक वर्षं होत आली. शेजारीण काही परक्या घरात शिरलेली नाही.

तिसरं उत्तर देवळाच्या भिंतीवर आहे. कावी. चुन्याचा गुळगुळीत गिलावा, त्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून नक्षी उठवायची. खरवडलं की खालचा पांढरा चुना दिसतो. म्हणजे कावीतली फुलं, वेली, हत्ती यांतलं पांढरं कुणी 'काढलेलं' नसतं, वरचं काढून टाकल्यावर ते उरतं. आमच्या कारागिरांना मोकळी जागा कशी बोलती करायची हे ठाऊक होतं, फक्त त्यांनी ती नक्षीच्या आत वापरली. विस्ताराने नुसती मोकळी सोडली नाही. हा फरक खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. देवळाची भिंत भरलेली असावी अशीच आपली हौस. शेजारीण जपानकडून नेमकं हेच उसनं घेते आहे, न भरण्याचं धाडस.

'वाबी-साबी'चं काय?

हा शब्द गोव्यात हल्ली बंगल्यांच्या जाहिरातींत दिसतो, म्हणून दोन ओळी. सोळाव्या शतकातले चहागुरू सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांनी श्रीमंती थाटाच्या चहापानाला वळण लावलं ते लहान खोली, साधं मातीचं भांडं आणि वापराने आलेला जुनेपणा यांचं. साधेपणात आणि काळाच्या खुणांत गोडी वाटणं, एवढा त्याचा अर्थ धरला तरी पुरे. नव्या भिंतीला मुद्दाम ओरखडे काढून तिला वाबी-साबी म्हणणं आणि शेजारचं शिंपल्यांच्या खिडक्यांचं खरं जुनं घर पाडणं, हे मात्र रिक्यूंच्या खात्यावर टाकू नये.

आणखी एक गैरसमज जाता जाता काढून टाकू. जपानी सौंदर्यदृष्टी म्हणजे नुसता राखाडी शांतपणा, असं मुळीच नाही. ओगाता कोरिनच्या अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पडद्यांवर लखलखीत सोन्याच्या वर्खावर आयरिसची निळी फुलं आहेत. पाणी नाही, जमीन नाही, आकाश नाही. इथे मोकळी जागा सोन्याची आहे. मोकळी म्हणजे पांढरीच असली पाहिजे असा नियम नाही.

मग ते ६७ कोटी कशाचे?

मोकळ्या जागेचे नव्हेत. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी करत. ते २००१ साली गेले. त्यामुळे बाजारात येणारा माल फार थोडा. २०१३ साली क्रिस्टीजच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात त्यांच्या चित्राला २३ कोटी ७० लाख मिळाले, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन सुरू झालं. माल कमी, नाव मोठं आणि हट्टाने बोली लावणारे किमान दोघं, एवढं जमलं की आकडा चढतो. तो चित्राचा दर्जा सांगत नाही, नसल्याचंही सांगत नाही.

चित्रकार म्हणून बघायचं तर मुद्दा वेगळा आहे. गायतोंड्यांना झेन विचारांची ओढ होती, पण त्यांची मोकळी जागा तोहाकुसारखी न शिवलेली नाही. रोलरने आणि रंग ओढायच्या पात्याने थर चढवायचे, काही उचलून घ्यायचे, परत चढवायचे. तिथली पोकळी बांधून काढलेली आहे. फोटोत हे अजिबात कळत नाही. प्रत्यक्ष चित्रापुढे बाजूला सरकून तिरक्या उजेडात पाहिलं तर थर दिसतात.

आणि गोव्याच्या हिरव्याचं काय करायचं?

शेजारणीची खरी अडचण जपानी नाही, हिरवी आहे. जूननंतर इथे नजर टाकाल तिथे काहीतरी उगवलेलं असतं. कुंपणावर, छपरावर, बंद पडलेल्या स्कूटरवर. असा निसर्ग मोकळ्या जागेत बसवायचा कसा? तिचे सुरुवातीचे कागद मी पाहिले आहेत. क्योतोच्या बागेची नक्कल, त्यात एक माड. पोस्टकार्डाला शोभतील असे. चेरीचा बहर तिने कधी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, तरी एका कागदावर तोही होता.

सुटका झाली ती खाजनात. खाजन म्हणजे खाडीच्या पातळीखालची, बांध घालून राखलेली जमीन. बांधात मानस असते, लाकडी दारांची. भरतीला पाण्याच्या दाबाने दार मिटतं, ओहोटीला उघडतं. त्यामुळे तोच तुकडा कधी शेत असतो, कधी आरसा, कधी नुसता चिखल. इथे मोकळी जागा चित्रकाराला शोधावी लागत नाही, ती वेळापत्रकाने येते आणि जाते. शेजारीण भरती-ओहोटीच्या वेळा पाहून दिवाडी बेटाच्या फेरीबोटीवर चढते. चित्रात फक्त बांधाची रेघ, मानशीचे दोन खांब आणि कधी एखादा बगळा. बगळा नसला तर उत्तम, असं माझं मत. बगळा आला की लोक बगळाच बघतात. ती ऐकत नाही.

'हे तर माझा नातूही काढील'

काढीलही. कोरं टाकून 'जपानी' म्हणून खपवलेली चित्रं भरपूर आहेत, आणि विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात तर दर भिंतीवर एखादं. ओळखायचं कसं? चित्राचा मोबाईलवर फोटो काढा आणि मोकळ्या भागातला निम्मा कापून टाका. चित्राला काहीच झालं नाही, उलट सुटसुटीत झालं, तर ती जागा राहिलेली होती. कापल्याबरोबर वस्तू कोंदटल्या, पाणी नाहीसं झालं, लांबचा काठ एकदम नाकाशी आला, तर ती ठेवलेली होती. शेजारणीच्या खारफुटीवर मी हे करून पाहिलं. वरचा पट्टा खाली सरकताच खाडीची गटार झाली.

चित्रकला शिकणाऱ्यांसाठी याच्या आधीची पायरी आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटी आखायच्या आणि त्यांत फक्त काळं आणि पांढरं, मधला राखाडी नाही. झाड काळं, पाणी पांढरं. मग उलट करून पाहायचं. ज्या चौकटीत पांढऱ्या भागालाही स्वतःचा आकार आलेला दिसतो, तीच मोठी करायची. या सरावाला जपानी नावानेच 'नोतान' म्हणतात. त्याला कुंचलाही लागत नाही, मार्कर पुरतो.

गोव्यात हे कुठे बघता येईल?

फोन्सेकांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आहे. जाण्याआधी फोन करून चौकशी केलेली बरी. तोहाकुचे पडदे तोक्योतही बारा महिने मांडलेले नसतात, पण त्यांची मोठी छायाचित्रं इंटरनेटवर फुकट आहेत. ती मोबाईलवर न बघता मोठ्या पडद्यावर बघा.

कावीसाठी पेडणे, डिचोली या बाजूच्या जुन्या देवळांत चौकशी करावी लागेल. सगळीकडे ती उरलेली नाही. जीर्णोद्धाराच्या उत्साहात बऱ्याच ठिकाणी तिच्यावर ऑइल पेंट बसला किंवा भिंतच गेली. ऑइल पेंट खरवडून खालची कावी परत मिळवणं फार जिकिरीचं काम आहे. तुमच्या देवस्थानच्या समितीत रंगकामाचा विषय निघाला, तर कंत्राटदाराला बोलावण्याआधी भिंती एकदा उजेड धरून बघायला सांगा.